चहा कशाकशात बांधून आला

गटाची बैठक म्हटली की वही उघडायच्या आधी पातेलं चढतं, हे तुम्हालाही माहीत आणि मलाही. आज बोलायचं आहे ते चहाबद्दल. पण चहाची चव, आलं किती, वेलची किती, हे नाही. चहा ज्यात बांधून येतो त्याबद्दल बोलायचं आहे.

मागे एका गटाच्या बैठकीत एका मावशींनी सरळ प्रश्न टाकला होता. म्हणाल्या, "ताई, दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, तेलाचा डबा घेतो, रद्दी घेतो. चहाचा पुडा तेवढा परत माझ्या अंगावर फेकतो. त्याचं मी करू काय?" सगळ्या हसल्या. मग एकेक जण सांगायला लागली. कुणी पुडे अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घालते, कुणी चूल पेटवायला वापरते, कुणाच्या उकिरड्यावर ते तीन-तीन वर्षांचे पडलेत आणि शेणखताबरोबर शेतात गेलेत. नांगरताना चमकतात म्हणे.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरीच मागे गेले. इतकी मागे की थेट चीनमध्ये जाऊन पोचले.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. वाळलेल्या चहाच्या पानाला चार वैरी आहेत: ओल, हवा, उजेड आणि परका वास. तुम्ही चहाचा डबा हिंगाच्या डबीशेजारी ठेवून बघा, आठ दिवसांत चहाला फोडणीचा वास येईल. पान वाळलेलं असतं म्हणून ते मिळेल ते शोषून घेतं. हजार-दीड हजार वर्षं माणसांनी चहा ज्या ज्या गोष्टीत बांधला, तो या चार वैऱ्यांपासून वाचवण्यासाठी. पाचवा वैरी पुढे येईल, तो माणूसच आहे.

चीनमध्ये फार पूर्वी चहा सुटा नसे. पानं वाफवून, कुटून, साच्यात दाबून त्यांच्या वड्या नाहीतर विटा करत. आपण गुळाची ढेप करतो तसंच म्हणा ना. ढेपेला हवा कमी लागते, ती वाहून न्यायला सोपी, आणि हवा तेवढा तुकडा फोडून घेता येतो. दक्षिण चीनमधल्या युन्नान प्रांतात आजही पू-अर चहाच्या सात चकत्या एकावर एक ठेवून बांबूच्या कोवळ्या कोंबावर जे रुंद साल येतं, त्यात गुंडाळतात. ते साल फेकलं तर मातीत जातं, ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. तिबेटला जाणारा चहा सिचुआन प्रांतातून माणसांच्या पाठीवर जायचा. ओझी वाहणाऱ्यांत पुरुष होते तशा बायकाही होत्या. डोंगरापर्यंत तो बांबूच्या चटईत बांधलेला असे आणि कांगडिंग गावात पोचला की पुढच्या थंडी-बर्फासाठी याकच्या कातड्यात शिवून टाकत. यात कुठेही टाकाऊ असं काही नाही, कारण ज्या मुलखातून चहा जायचा तिथलंच सामान त्याच्या अंगावर चढायचं.

मग सुटा चहा कसा आला? त्याची तारीख चक्क सापडते. १३९१ साली मिंग घराण्याचा पहिला बादशहा होंगवू याने फर्मान काढलं, की दरबाराला खंडणी म्हणून चहाच्या वड्या पाठवणं बंद, सुटी पानं पाठवा. वड्या करण्यात रयतेचा फार जीव जातो, असं त्याचं म्हणणं. हा बादशहा गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला होता, उपाशीपोटी दिवस काढलेला. कष्टाचं मोल त्याला कळलं असेल. त्यानंतर कुटून फेसाळलेला चहा मागे पडला आणि गरम पाण्यात पानं टाकून, ती उमलू देऊन, वरचं पाणी प्यायचं, ही रीत रूढ झाली. चहाची किटली, म्हणजे नळीचं भांडं, तीही या रीतीबरोबर घरोघर गेली. पान अख्खं दिसायला लागलं. आणि पान दिसलं म्हणजे ते चांगलं की वाईट हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ठरवता यायला लागलं. सुट्या पानांच्या चहाची खरी गोडी मला वाटतं इथे आहे. वासाची आणि चवीची गोष्ट नंतरची.

आपल्याकडे आसामात सिंगफो नावाचे आदिवासी लोक आहेत. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून ते चहा पीत. पानं भाजून, वाळवून, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि ती नळी चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायची. धुरानं ओल जाते, कीड लागत नाही, आणि चहा वर्षानुवर्षं राहतो. लागेल तसा सुरीनं कापून घ्यायचा. बांबूची नळी हाच डबा, हीच पेटी.

अडचण सुरू झाली ती चहा समुद्रावरून जायला लागला तेव्हा. चीनमधल्या कँटन बंदरातून विलायतेला जहाज पोचायला पाच-सहा महिने लागत. खाली खारं पाणी, वर पाऊस, आणि शेजारी काय काय माल भरलेला असेल देव जाणे. तेव्हा लाकडी पेट्या आल्या आणि पेटीच्या आत शिशाचा पातळ पत्रा. तो पत्रा करायची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. कागद चिकटवलेल्या दोन सपाट फरश्या घ्यायच्या, त्यांच्या मध्ये वितळलेलं शिसं ओतायचं आणि वरची फरशी झटकन दाबायची. निघाला पत्रा. तो पेटीत बसवून, आत कागदाचं अस्तर लावून, चहा भरायचा आणि कल्हईवाला डाग देतो तसा डाग देऊन तोंड बंद करायचं. १६ डिसेंबर १७७३ ला अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात लोकांनी इंग्रजांच्या कराविरुद्ध चिडून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, त्या याच तऱ्हेच्या होत्या. शिसं विषारी असतं हे तुम्हाला माहीत आहे. चहा आणि विष यांच्यामध्ये तेव्हा फक्त एक कागद होता. विसाव्या शतकात शिशाची जागा ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं घेतली.

विलायतेत चहा उतरला तेव्हा तो सोन्यासारखा महाग. त्यावर कर इतका की १७८४ च्या आधी तो किमतीच्या ११९ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे शंभराच्या चहावर एकशे एकोणीस कर. श्रीमंताघरी चहासाठी लाकडाची नक्षीदार पेटी असे, तिला कुलूप, आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. स्वयंपाकघरातल्या नोकराणीच्या हाती ती जाऊ नये म्हणून ही तजवीज. त्या पेटीला इंग्रजीत 'कॅडी' म्हणतात आणि तो शब्द आला मलायी भाषेतल्या 'कटी' या मापावरून. कटी म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. आपल्याकडे शेराचं माप म्हणता म्हणता भांड्यालाच शेर म्हणायला लागले, तसंच झालं. कोठीच्या किल्ल्या कुणाकडे यावरून आपल्या घरांतसुद्धा काय काय घडतं, ते मी वेगळं सांगायला नको.

आता पाचवा वैरी. जिनसाचा भाव चढला की भेसळ आलीच. विलायतेत ॲश नावाच्या झाडाची पानं वाळवून, रंग देऊन, चहात मिसळत. वापरलेला चोथा मोठ्या घरांतून, खानावळींतून विकत घेऊन, वाळवून पुन्हा विकत. १७७७ साली तिथल्या पार्लमेंटला खास कायदा करून झाडपाल्याचा खोटा चहा बंद करावा लागला. पण थांबलं नाही. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा इंग्रजांचा वनस्पती गोळा करणारा माणूस १८४८ नंतर वेषांतर करून चीनमध्ये हिंडला. त्यानं पाहिलं, की हिरव्या चहाच्या कारखान्यात कामगार पानांवर निळा रंग आणि जिप्समची पूड चोळताहेत आणि त्यांचे हात निळे झालेत. का? तर परदेशी गिऱ्हाइकाला चहा एकसारखा हिरवागार दिसायला हवा होता. स्वतः चिनी लोक तो रंगवलेला चहा पीत नसत. डोळ्याला बरं दिसतं ते पोटाला बरं असतंच असं नाही, हे बाजारात भेंडी घेणाऱ्या बाईला कळतं, पण साहेबाला कळायला वेळ लागला.

या भेसळीच्या काळात, १८२६ साली, जॉन हॉर्निमन नावाच्या विलायती व्यापाऱ्यानं चहा मोहोरबंद पुड्यात विकायला सुरुवात केली. तोवर वाणी पेटीतून चहा काढून, तोलून, पुडी बांधून देई. हॉर्निमननं सांगितलं, माझा पुडा फोडलेला नाही, वजन ठरलेलं आहे, आत मिसळ नाही. लोकांनी विश्वास ठेवला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबते. आज आपण पुड्याच्या नावानं बोटं मोडतो, पण पुडा आला तो गरिबाची फसवणूक थांबवायला, हे विसरून चालणार नाही. सुटा चहा चांगला आणि पुड्याचा वाईट असं सरळ गणित मांडणाऱ्यांचं मला पटत नाही. सुट्या मालात विश्वास लागतो. तो ज्या दुकानात नाही तिथे पुडाच बरा.

आता आपल्या देशाकडे वळू. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या इंग्रजाला आसामात सिंगफो लोकांकडे चहाची झाडं असल्याचं कळलं. आसामचा चहा लंडनमध्ये पहिल्यांदा लिलावात निघाला जानेवारी १८३९ मध्ये. आठ पेट्या होत्या. त्यापाठोपाठ बागा वाढल्या आणि झारखंड-ओडिशाकडच्या आदिवासी कुटुंबांना करारात बांधून तिथे नेलं गेलं. ती कहाणी एका भाषणाची नाही, ती वेगळी सांगावी लागेल. स्वतः चहाच्या बागा काढणारा पहिल्या फळीतला आसामी माणूस मणिराम देवान, त्याला तर १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलं.

पेट्यांचं मात्र सांगते. लाखो पेट्या लागायला लागल्या तेव्हा लाकडाच्या फळीऐवजी प्लायवूड आलं. झाडाच्या खोडाचा कागदासारखा पापुद्रा काढायचा, ते पापुद्रे आडवे-उभे चिकटवायचे. आसामात प्लायवूडचा धंदा वाढला तो मुख्यतः चहाच्या पेट्यांसाठी. त्यासाठी होलोंगसारखी शंभर-सव्वाशे फूट उंचीची सरळसोट झाडं पडली. होलोंग आज आसामचा राज्यवृक्ष आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर कडक आदेश दिला आणि ईशान्येतल्या प्लायवूडच्या गिरण्यांची चाकं बंद पडली. तोवर बागांनी तागाची पोती आणि कागदाची जाड, अनेक पदरी पोती वापरायला सुरुवात केलेलीच होती. आज बागेतून निघणारा बहुतेक चहा अशाच पोत्यांत येतो.

त्या पेट्यांना आपल्याकडे चहाचं खोकं म्हणत. आठवतं का कुणाला? कडांना पातळ पत्र्याची पट्टी, बारीक चुका, आणि आत चंदेरी कागद. बदली झालेल्या मास्तरांचं सगळं बिऱ्हाड चहाच्या खोक्यांत जायचं. गावाकडे त्याची कोंबडीची खुराडी झाली, दुकानातल्या माणसाची बैठक झाली, पोरांच्या पुस्तकांचं कपाट झालं. आतला चंदेरी कागद, बैलपोळ्याला शिंगांना लावायच्या बेगडीसारखा चमकणारा, पोरं मखराला वापरायची. खोक्यासाठी जंगल पडलं हे खरं, पण एकदा बनलेलं खोकं वीस-पंचवीस वर्षं कामाला यायचं. आणि शेवटी चुलीत गेलं तरी लाकूडच जळायचं.

आपल्या महाराष्ट्रात चहा मुळात शहरी, साहेबी पेय. तो किती संशयाचा होता ते पुण्याच्या एका प्रसंगावरून कळतं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुढाऱ्यांना चहा-बिस्किटं देण्यात आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हाती घेऊन ठेवून दिला. पण डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि गदारोळ उठला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्यायल्याबद्दल धर्मपीठाकडे तक्रार गेली, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांचा मनस्ताप लिहून ठेवला आहे. एक कपभर चहा, आणि घरातल्या बाईला त्याचा किती घोर! प्यायले पुरुष, आणि सोयऱ्याधायऱ्यांची बोलणी ऐकली बाईनं.

मग तो आपल्या झोपडीपर्यंत कसा आला? मुद्दाम आणला म्हणून. १९०३ साली इंग्रज सरकारनं परदेशी जाणाऱ्या चहावर एक छोटा कर बसवला आणि तो पैसा चहाच्या जाहिरातीला लावला. पुढे १९३० च्या दशकात तर गावोगावी, रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांच्या दारांत चहा करून दाखवत, फुकट वाटत. एका पैशाला मिळणारी चहाची बारकी पुडी त्याच काळातली. आज शॅम्पूची, तेलाची, सगळ्याचीच एकेक रुपयाची पुडी निघते ना, तिची ही आजी. रोजंदारीवर जगणाऱ्याला पावशेर चहा एकदम घेता येत नाही, एका दिवसाचा घेता येतो. पुडी लहान झाली की गरिबाची सोय होते हे खरं, आणि चहापेक्षा वेष्टनाचे पैसे जास्त पडतात हेही खरं.

त्याच सुमारास चहाच्या पानाचाही चेहरा बदलला. १९३० मध्ये आसामातल्या अमगुरी बागेत विल्यम मॅकरचर यानं एक यंत्र बनवलं. दातेरी लाटण्यांच्या दोन जोडांमधून पान गेलं की ते चिरडतं, फाटतं आणि त्याची गोळी होते. ही आपली रोजची चहा पावडर, सीटीसी. ती झटपट उतरते, रंग गडद देते, थोडक्यात जास्त कप होतात, दुधा-साखरेला टक्कर देते. अख्ख्या पानाच्या चहाचं तसं नाही. तो दुधात उकळला तर कडवट होतो नाहीतर मुळमुळीत लागतो. म्हणून खरं सांगते, आपल्या उकळीच्या चहाला सीटीसीच लागते, आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. सुटा चहा घ्या असं मी म्हणते तेव्हा अर्थ दोन आहेत. एक, अख्ख्या पानांचा चहा. दुसरा, पुड्याशिवाय तोलून घेतलेला कुठलाही चहा, मग ती सीटीसी का असेना.

अख्ख्या पानांचा करून पाहायचा असेल तर पाणी उकळवा, आच बंद करा, कपामागे एक सपाट चमचा पानं टाका, झाकण ठेवा, चार मिनिटं थांबा, गाळा. दूध नको. गाळलेल्या पानांवर पुन्हा गरम पाणी घातलं की दुसरा कप निघतो. किलोमागे तो महाग दिसतो, पण दूध-साखर वाचते. मधुमेहामुळे साखर बंद झालेल्या आमच्या शेजारच्या काकूंना तो जमला. त्यांच्या सुनेला नाही जमला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, हे तर औषध आहे. असो. आणि हो, परसातला गवती चहा हा चहा नव्हेच. ते गवत आहे, चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही.

चहाच्या पिशवीचाही किस्सा सांगायलाच हवा, कारण तो दोन बायकांचा आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी १९०१ साली एक अर्ज केला. त्यांचं म्हणणं असं, की एका माणसाला एक कप चहा हवा असला तरी अख्खी किटली करावी लागते आणि उरलेला शिळा होऊन वाया जातो. म्हणून सुती जाळीदार कापडाची, एका कपापुरती पानं मावतील अशी पिशवी त्यांनी बनवली. १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, म्हणजे ही कल्पना यांची असा सरकारी शिक्का. पुस्तकांत मात्र बहुधा थॉमस सुलिव्हन नावाच्या व्यापाऱ्याचं नाव येतं. त्यानं १९०८ च्या सुमारास नमुन्याचा चहा रेशमी पिशव्यांतून पाठवला आणि गिऱ्हाइकांनी तो पिशवीसकट कपात टाकला, अशी गोष्ट सांगतात. त्याची गोष्ट पाच वर्षांनी उशिराची, तरी जगानं नाव त्याचं लक्षात ठेवलं.

त्या दोघींची पिशवी सुती होती, शिवलेली होती. आजच्या बऱ्याच पिशव्यांच्या कागदात उष्णतेनं चिकटण्यासाठी प्लास्टिकचा धागा मिसळलेला असतो आणि तिकोनी रेशमी दिसणाऱ्या काही पिशव्या तर नायलॉनच्या किंवा बाटलीच्याच प्लास्टिकच्या असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०१९ साली तपासलं, तर प्लास्टिकच्या एका पिशवीतून गरम पाण्यात सुमारे १,१६० कोटी अतिसूक्ष्म प्लास्टिकचे कण उतरलेले आढळले. ते शरीरात नेमकं काय करतात यावर अजून अभ्यास चालू आहे. पण ज्या पिशवीचा जन्म नासाडी टाळायला झाला, तिची ही गत झाली.

आता परत मावशींच्या पुड्याकडे येते. भंगारवाला तो का घेत नाही? कारण तो एका जिनसाचा नाही. बाहेर छापलेलं प्लास्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, आत पुन्हा प्लास्टिक, आणि हे सगळं एकमेकांना घट्ट चिकटवलेलं. ओल, हवा, उजेड आणि वास, चारही वैरी यानं एका दमात अडवले. पण हे थर आता पुन्हा वेगळे होत नाहीत. दुधाची पिशवी एकाच प्लास्टिकची असते, ती वितळते आणि तिचं दुसरं काही होतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, तिच्यात बहुतेक बायकाच. घरोघरचा कचरा त्या हातांनी वेगळा करतात आणि भंगार विकून चार पैसे मिळवतात. असले चमकदार पुडे त्यांच्याही ढिगात शेवटी उरतात, कारण वजन नाही आणि भाव नाही. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे अशा काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. चहाचा पुडा त्या यादीत नाही. तो गोळा करून विल्हेवाट लावायची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. आपल्या गावात कुणी गोळा करायला येतं का, ते तुम्हीच बघा.

एक मात्र हात जोडून सांगते, पुडे बंबात आणि चुलीत घालू नका. त्या धुरासमोर बसणारी बाईच असते, आणि कडेवर पोर असतं.

मग करायचं काय? आमच्या गटात जे करून पाहिलं ते सांगते. दहा घरं, घरी महिन्याला अर्धा किलो, म्हणजे महिन्याचा पाच किलो चहा. पावशेराचे पुडे घेतले तर महिन्याला वीस, वर्षाला २४०. त्याऐवजी तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून पाच किलो एकदम घेतला, कागदी पोत्यातून समोर काढून तोललेला. घरून नेलेल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून आणला आणि दहा जणींनी आपापले डबे आणून वाटून घेतला. भावात फरक पडला, पण फार नाही, उगाच वाढवून सांगत नाही. पहिल्या खेपेला आम्ही फसलोही. चहा रंगाला गडद पण चवीला काहीच नाही. दुसऱ्या वेळी आधी पावशेर आणून करून बघितला, मग बाकीचा घेतला. आता व्यापारी आम्हाला ओळखतो आणि मुकाट्यानं चांगल्या पोत्यात हात घालतो.

तपासायच्या दोन सोप्या रीती आहेत. ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर चहा पसरायचा. लगेच पिवळे-तांबडे डाग उमटले तर रंग घातलेला आहे, कारण खरा चहा गार पाण्यात इतक्या पटकन रंग सोडत नाही. दुसरी, कोरड्या चहावरून लोहचुंबक फिरवायचं. थोडी कणी चिकटली तर घाबरू नका, त्या यंत्राची लाटणी झिजतात त्याचीही असते. चुंबकाला दाढीच आली तर तो चहा परत करा.

पुडी बांधून घ्यायची वेळ आली तर वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका, शाईचं विष अन्नात उतरतं म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्याला मनाई आहे. कोरा खाकी कागद चालेल, पण तो घरी येईपर्यंतच. कागदातला चहा पावसाळ्यात चार दिवसांत दमट होतो. काचेची बरणी दिसायला छान, पण उजेड आत येतो. पत्र्याचा नाहीतर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा सगळ्यात बरा. जपानमधल्या क्योतो शहरात काइकादो नावाचं एक घराणं १८७५ पासून चहाचे पत्र्याचे डबे हातानं बनवतं. त्यांचं झाकण नुसतं वर ठेवलं की आपल्या वजनानं हळूहळू खाली सरकत बंद होतं. तसा डबा आपल्याला कुठला परवडायला, पण तत्त्व तेच, आतली हवा बाहेर आणि बाहेरची बाहेरच.

आजकाल काही महागड्या चहांवर 'मातीत विरघळणारी पिशवी' असं छापलेलं असतं. त्यातल्या मक्याच्या पिठीपासून बनवलेल्या प्लास्टिकला विरघळायला मोठ्या खतकारखान्यातली कायमची उष्णता लागते. आपल्या उकिरड्यात ती तशीच राहते. छापलेलं वाचून जादा पैसे देऊ नका.

राहिली एक गोष्ट. पुड्याचे वाचलेले पैसे पानं खुडणारीकडे जातात का? आपोआप नाही जात. सप्टेंबर २०१५ मध्ये केरळातल्या मुन्नारच्या बागांमधल्या हजारो बायका रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांचा बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला होता आणि रोज होता २३२ रुपये. पुरुष पुढाऱ्यांच्या युनियनांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. 'पेंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, हे नाव त्यांनी घेतलं. नऊ दिवसांनी २० टक्के पुन्हा मिळाले, आणि त्याच वर्षी पुढच्या बोलण्यांत रोज ३०१ झाला. डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली, त्यात दोन पानं आणि एक कळी, दिवसभर. चहाचं पहिलं वेष्टन ती टोपलीच.

तेवढं एक सांगायचं राहिलं, डबा नवा असो की जुना, चहा भरायच्या आदल्या दिवशी धुऊन कडक उन्हात पालथा घाला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून आधी वास घ्या. मसाल्याचा, साबणाचा, कसलाही वास आला तर अजून एक दिवस उन्हात राहू द्या.